पाणीसुद्धा नाही?

"पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं. तिने लॅपटॉपवरची नजर न काढता उत्तर दिलं, "नाही. आणि हे तू गेल्या वर्षीही विचारलं होतंस." मग हातातला मेल पाठवून झाल्यावर म्हणाली, "त्याच्या आदल्या वर्षीही." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी सॉरी म्हणून मोकळी झाले असते. पण तिच्या स्वरात होती ती वापरून वापरून गुळगुळीत झालेली सबुरी. लहान मुलाला तेच उत्तर विसाव्यांदा देताना येते तसली. ही गोष्ट गेल्या मार्चमधली, तिच्या रमजानच्या रोज्यांतली. आमची टेबलं गेली नऊ वर्षं शेजारी-शेजारी आहेत. तिच्या आईच्या कुठल्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते मला ठाऊक आहे, कॉफीत साखर किती ते ठाऊक आहे, कुणाचा फोन आला की ती पेन उघडमीट करते तेही ठाऊक आहे. एवढं सगळं डोक्यात राहतं आणि हे एक 'नाही' दरवर्षी का गळून पडतं, याचा छडा मला लागेना.

बरं, माझी पाटी कोरी होती असंही नाही. इस्लामचे पाच स्तंभ मला सांगता येतात. हिजरत, म्हणजे पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं, ६२२ साली झाली, कुराणात ११४ सुरा, म्हणजे अध्याय, आहेत, त्यातली सगळ्यात मोठी २८६ आयतींची, म्हणजे वचनांची, आणि सगळ्यात छोटी तीन, हे सगळं कधीतरी वाचलेलं आहे. जगातले मुस्लिम २०० कोटींच्या घरात आहेत आणि त्यातले अरब साधारण पाचवा हिस्साच, हे मी दोन-तीनदा गप्पांत वर मान करून सांगितलेलंही आहे. परीक्षेत पास होण्याइतकं होतं माझ्याकडे. पण शेजारच्या खुर्चीतल्या बाईला दुपारी तीन वाजता कसं वाटत असेल, हा त्या परीक्षेतला प्रश्नच नव्हता. आणि 'पाणीसुद्धा नाही?' हाही खरं तर प्रश्न नाही. ते प्रश्नचिन्ह लावलेलं 'बाप रे' आहे. उत्तर हवं म्हणून ते विचारलेलंच नसतं, मग उत्तर लक्षात राहील कसं?

कुराणात रोजा सुरू होण्याची वेळ एका प्रतिमेत सांगितली आहे: पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसू लागेपर्यंत खा-प्या. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, आदी बिन हातिम या सहाबींची, पैगंबरांच्या एका सोबत्याची, गोष्ट येते. त्यांनी हे ऐकलं आणि खरोखरच एक काळी आणि एक पांढरी दोरी उशीखाली घेऊन झोपले. रात्री पुन्हा पुन्हा बघितलं, दोन्ही सारख्याच दिसत होत्या. सकाळी पैगंबरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तुझी उशी भलतीच रुंद असली पाहिजे. अरे, तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड! ही गोष्ट तिनेच मला सांगितली, हसत हसत. चौदाशे वर्षांपूर्वीचा तो माणूस मला फार जवळचा वाटला. अंधारात दोऱ्या निरखत बसलेला, नियम पाळायची मनापासून इच्छा असलेला, आणि साफ चुकलेला.

माझी पहिली चूक ऋतूची होती. आमची ओळख झाली २०१७ मध्ये. त्या वर्षी रमजान मेच्या अखेरीस लागला होता. काचेबाहेर रणरणतं ऊन, आत एसी, आणि तिच्या ओठांवर दुपारनंतर येणारी ती कोरडी पांढुरकी रेघ. माझ्या डोक्यात रमजान म्हणजे उन्हाळा हे पक्कं बसलं. पण हिजरी, म्हणजे चंद्रावर चालणारं इस्लामी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, आणि अधिक महिना घालून ते सूर्याशी जुळवून घ्यायची सोय कुराणानेच बंद केलेली. त्यामुळे महिना दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत जातो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पहिला रोजा तिने धरला तो १९९७ च्या जानेवारीत, नऊ वर्षांची असताना. चौथीतल्या मुलीला झेपावा म्हणूनच तो छोट्या दिवसांत आला, असं तिला तेव्हा वाटलं होतं. २०३० साली रमजान पुन्हा जानेवारीत येईल, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणखी एकदा लागेल. "तोपर्यंत मी बेचाळिशीची," ती म्हणाली, "एक पूर्ण फेरी." उन्हाळ्यातल्या रोज्यात तहान लागते आणि थंडीतल्या रोज्यात भूक, हेही तिचंच. मला हेवा वाटला म्हणजे काय, तर एवढाच, की माझ्या आयुष्यात एकही गोष्ट अशी नाही जी मी प्रत्येक ऋतूत करून बघितली आहे.

एकदा डिसेंबरात मी तिच्यासमोर कॉफी ठेवली तर तिने मान हलवली. "आता कसला रोजा?" मी विचारलं. "उधारी फेडतेय," ती म्हणाली. मग ते सगळं प्रकरण उलगडलं. आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला रमजानमध्ये सूट असते. पाळी आलेल्या बाईला तर सूट नव्हे, मनाईच. त्या दिवसांत रोजा धरायचाच नाही. त्या दिवसांतली नमाज माफ, ती पुन्हा भरून द्यावी लागत नाही. रोजे मात्र नंतर मोजून पूर्ण करायचे, पुढचा रमजान यायच्या आत. म्हणून ती दिवस लहान झाले की एकेक करून ते उरकते. घरात दुसऱ्या कुणाचा रोजा नाही, सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, भांड्यांचा आवाज नाही, संध्याकाळी वाट बघणारं ताट नाही. एकटीची सहरी, एकटीचं रोजा सोडणं. "मग रमजानमधले ते सहा दिवस तू जेवतेस?" "जेवते की. लपून." कुणापासून लपून, या प्रश्नावर ती जरा थांबली. घरी वडील, भाऊ, दीर. सगळ्यांना कळत असतं आणि कुणालाच कळत नाही असं चाललेलं असतं. "आणि ऑफिसात तर विचारूच नकोस. पाण्याची बाटली तोंडाला लावली की लगेच कुणीतरी, आज रोजा नाही? आता त्या माणसाला काय सांगायचं?" म्हणून ती त्या दिवसांत जिन्यात जाऊन पाणी पिते. नऊ वर्षं शेजारी बसून मला जिन्याची ही गोष्ट माहीत नव्हती.

पाण्यावरूनच आणखी एक आठवतं. आमच्या मजल्यावरच्या वॉशरूममध्ये एक दिवस आरशाशेजारी छापील कागद चिकटला: 'बेसिनमध्ये पाय धुवू नयेत.' खाली सही नाही, नाव नाही. त्या मजल्यावर बेसिनमध्ये पाय धुणारी एकच व्यक्ती होती, तेव्हा नावाची गरजही नव्हती. खरं सांगायचं तर, कागद लागण्याआधी ओल्या फरशीवरून माझाही पाय एकदा घसरला होता आणि मी मनात चरफडले होते. तक्रार मी केली नाही. पण ती कुणीतरी केली याचं मला फार वाईट वाटलं, असंही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती अर्ध्या लिटरची बाटली भरून कोपऱ्यातल्या नळाखालच्या जाळीपाशी जायला लागली. एकदा हात धुता धुता मी आरशातून बघितलं. आधी मनगटापर्यंत हात, तीनदा. मग चूळ, नाकात पाणी, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत. उजवा हात कोपरापर्यंत, मग डावा. ओला तळवा डोक्यावरून, ओली बोटं कानांच्या पाळ्यांमागून. शेवटी पाय घोट्यापर्यंत, करंगळीने बोटांच्या बेचक्या चोळून. बाटलीच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. फरशीवर फार तर चार थेंब होते, तेही तिने टिश्यूने टिपले. पैगंबर एका मुदभर पाण्यात वजू, म्हणजे नमाजआधीचं हे हातपाय धुणं, करत असं हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे ओंजळभराचं माप, पाऊण लिटरच्याही आतलं. मी तेवढ्या वेळात साबणाचा फेस काढत नळ सोडून उभी होते. तिच्या ते लक्षात आलं असेल, पण ती काही बोलली नाही. कागद अजून तिथे आहे, एका कोपऱ्यात सुटलेला.

त्या रात्री मी उगाच शब्दकोश चाळत बसले. मला ही खोड आहे, अस्वस्थ झाले की शब्दांची कुळं शोधायची. तहान-पाण्याच्या आसपास मराठीत किती पाहुणे येऊन घरचे झालेत ते बघावं. हौद अरबी. सरबत अरबी. भिस्ती हा फारसी बिहिश्त, म्हणजे स्वर्ग, यावरून. पाठीवर पखाल घेऊन पाणी आणणाऱ्याला कुणीतरी स्वर्गातला माणूस म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. ज्या सबुरीने ती मला दरवर्षी उत्तर देते ती सबुरीसुद्धा अरबी सब्र, म्हणजे धीर, यावरूनच आलेली. आणि शरिया. बातम्यांत हा शब्द आला की माझ्याही पोटात काहीतरी आकसतं, खोटं कशाला बोलू. त्याचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट. वाळवंटात ती वाट चुकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. या व्युत्पत्तीने त्या शब्दाच्या नावाखाली जे जे झालं ते धुऊन निघत नाही, एवढं मलाही कळतं. तरी एक शब्द आपण किती वर्षं नुसत्या भीतीने धरून ठेवला होता, याची जरा लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने मी तिला हे सांगितलं. "हो, माहितेय," ती म्हणाली आणि डबा उघडला.

असंच एकदा झमझमचं, मक्केतल्या त्या पवित्र विहिरीच्या पाण्याचं, झालं होतं. तिचे आई-वडील हजहून आले आणि तिने मला एक पिटुकली प्लॅस्टिकची बाटली दिली, हिरव्या झाकणाची. हाजरा आणि तिचं तान्हं बाळ इस्माईल, निर्जन खोरं, संपलेलं पाणी. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये ती सात वेळा धावली, आणि मग बाळाजवळच्या वाळूतून पाणी उसळलं. आजही हजला गेलेला प्रत्येक माणूस, राजा असो की हमाल, त्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालतो. एका खेपेचं अंतर साधारण ४५० मीटर, म्हणजे एकूण तीन किलोमीटरच्या वर. एका तहानलेल्या आईची धावपळ एवढ्या लोकांनी इतकी शतकं पायांनी गिरवत राहावी, हे मला सगळ्या विधींमध्ये सगळ्यात सुंदर वाटतं. ती धावाधाव चालू असताना तिला पाणी सापडलेलंच नव्हतं, आणि तरी गिरवतात ती धावाधावच. असो. मला ती बाटली मिळाली आणि मी गोंधळले. देवाचं काहीतरी आहे म्हणून टाकता येईना, आपल्या देवाचं नाही म्हणून कुठे ठेवावं ते कळेना. शेवटी कपाटात, महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमागे ठेवली. काही महिन्यांनी तिने सहज विचारलं, प्यायलीस का? मी म्हटलं, जपून ठेवलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, पाणी आहे ते. प्यायचं असतं."

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते, की तिची मी तसबीर करून टाकेन. ती सगळ्यांसारखीच चिडते, डेडलाइनच्या दिवशी फटकळ होते, पहाटेची फजरची नमाज तिची महिन्यातून काही वेळा बुडते आणि त्याचा दोष ती अलार्मला देते. आमच्याच टीममध्ये आणखी एक मुस्लिम मुलगा आहे. तो रोजे धरत नाही, नमाज पढत नाही, ईदला तेवढा नवा शर्ट घालतो. रमजानमध्ये त्याची जी पंचाईत होते ती बघण्यासारखी असते. त्याने दुपारी सँडविच उघडलं की त्याला टोकणारे मुस्लिम नसतात, आम्हीच असतो. "काय रे, रोजा नाही?" जणू त्याच्या धर्माची हजेरी घ्यायचं काम आमच्याकडे सोपवलंय. आणि तिच्याशी माझं भांडणही झालेलं आहे. मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, या वारशाच्या नियमावरून मी एकदा तावातावाने बोलले. तिने ऐकून घेतलं. मुलाच्या वाट्याला घर चालवायची जबाबदारीही येते, मुलीचा पैसा फक्त तिचा, हे तिने सांगितलं, पण ते पाठ केलेलं उत्तर देतोय असं तिच्याही चेहऱ्यावर दिसलं. मग म्हणाली, "मलाही प्रश्न आहेत. पण ते माझे आहेत. तुला उत्तर देण्यासाठी मी ते सोडवत नाहीये." आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो. ते भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही, आम्ही त्याच्या बाजूने चालत पुढे आलो.

गेल्या मार्चमधल्या त्या उत्तरानंतर मी एक केलं. कुणाला न सांगता, एक दिवस, पहाटे उठून खाल्लं आणि ठरवलं की संध्याकाळपर्यंत काही नाही. पाणीसुद्धा नाही. श्रद्धा वगैरे काही नव्हती, निव्वळ कुतूहल, आणि थोडासा स्वतःवरचा राग. अकरा वाजता फोनवर बोलता बोलता माझ्या हाताने बाटली उघडली आणि मी चार घोट प्यायलेसुद्धा. गिळून झाल्यावर कळलं. विसरून खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही, पुढे चालू ठेवावा, ते अल्लाहनेच भरवलेलं आणि पाजलेलं समजावं, अशी हदीस आहे. नियम करणाऱ्याला माणसाच्या हाताची सवय ठाऊक होती तर. पण ती सवलत तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. तरी मी ती निर्लज्जपणे वापरली आणि पुढे रेटलं. दोनपर्यंत डोकं जड झालं. तीन वाजता तोंडाला स्वतःचाच वास येऊ लागला आणि मी लोकांशी बोलताना मागे सरकू लागले. ती या महिन्यात अशीच थोडी मागे सरकून बोलते, हे तेव्हा लक्षात आलं. साडेतीनला जिन्यात जाऊन मी अख्खी बाटली रिकामी केली. संध्याकाळी सूर्यास्ताच्या मिनिटाला तिने नेहमीप्रमाणे खजूर फोडला, बी टिश्यूत गुंडाळली, आणि पाण्याचा पहिला घोट घेतला. बसून, उजव्या हाताने, थांबत थांबत. तो घोट घशातून उतरताना मी बघितला. आजच्या दिवसाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही.

यंदा रमजान फेब्रुवारीत आला. दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे नवा मुलगा रुजू झाला, चांगला, बडबड्या, कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. दुपारी त्याने सगळ्यांना कॉफी आणली, एक कप तिच्या टेबलावर ठेवायला गेला. कुणीतरी म्हणालं, अरे, तिचा रोजा असतो. त्याने कप हातात तसाच धरून डोळे मोठे केले. पुढे तो काय म्हणणार ते मला त्याच्या तोंडातून यायच्या आधीच ऐकू आलं.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही," मी म्हणाले, तिने मान वर करायच्या आत. "पाणीसुद्धा नाही. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत." आणि एकदा सुरू झाले ती थांबलेच नाही. चांद्रवर्ष सांगितलं, ३३ वर्षांची फेरी सांगितली, काळ्या-पांढऱ्या धाग्याची गोष्ट तर अगदी रंगवून सांगितली. टेबलाभोवती चार-पाच जण जमले. मुलगा कौतुकाने कधी माझ्याकडे, कधी तिच्याकडे बघत होता. ती हसत होती, पण जरा ओठ मिटून. हात बॅगेच्या चेनवर होता तो तिने काढून घेतला आणि पुन्हा टाइप करायला लागली.

संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तिने बॅगेतून बाटली काढली आणि घटाघट अर्धी संपवली. सूर्यास्ताला अजून तासभर होता. मी तिच्याकडे बघितलं.

"कालपासून आलीय पाळी," ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "जिन्यात निघालेच होते, तेवढ्यात तुझं व्याख्यान सुरू झालं."